पाकीट माझ्याकडेच होतं

९ नोव्हेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला. आधी त्याची क्षमा मागते, मग बाकीचं लिहिते. किती उशीर, ते रोजनिशीवरून मोजून काढलं. सत्त्याहत्तर दिवस. पाकीट माझ्याकडे २४ ऑगस्टला आलं. तू फोनवर दोनदा विचारलंस की पाकीट कुठं अडकलंय. दोन्ही वेळा मी सांगितलं की दोन दिवसांत टाकते, आणि दुसऱ्यांदा तर पाकीट मलाच उशिरा मिळालं म्हणून थोडं पोस्टावरही ढकललं. पोस्टाचा काही दोष नाही. पाकीट माझ्याकडेच होतं. कपाटाच्या वरच्या खणात, इस्त्रीच्या कपड्यांखाली.

आईनं घालून दिलेले नियम मी काल पुन्हा आठवून पाहिले. एकच मोठं खाकी पाकीट. तू दादाला पाठवायचं, दादानं मला, मी तुला. प्रत्येकानं आपलं जुनं पान काढून नवं घालायचं. आपलं पान घातल्याशिवाय पाकीट पुढं हलवायचं नाही. आठ दिवसांवर ठेवायचं नाही. आणि पाकिटातलं पाकिटात, फोनवर त्याची चर्चा नाही, कारण फोनवर माणूस घाईत बोलतो असं तिचं म्हणणं. आई जाऊन सहा वर्षं झाली तरी आपण हे सगळं पाळतो, याचा मला अभिमान होता. या खेपेला एक नियम पाळायला गेले आणि दुसरा मोडला. माझं पान होईना, म्हणून पाकीट हलेना.

पान का होईना, तेही सांगते. दादाचं पान तू वाचशीलच. त्याला नीट उत्तर द्यावं असं वाटत होतं. सहा मसुदे केले. असं काही लिहावं की वाचून त्याचं मन हलकं व्हावं, आणि बाहेर कुणाकडे जायची गरजच पडू नये. आपण दोघी असताना त्यानं परक्या माणसापुढं मन उघडायचं, हे मला जरा लागलं. खोटं कशाला बोलू?

इकडची खुशाली म्हणजे आमच्या वजनमापांच्या प्रयोगशाळेत नवा तराजू आलाय. जवळ श्वास सोडला तरी आकडा हलतो, म्हणून साहेबांनी तराजूपाशी बोलायला बंदी केली आहे. दुकानदारांची वजनं तपासायची तर चिमट्यानं उचलायची. बोट लागलं की बोटाचा तेलकटपणाही तोलला जातो. तू म्हणशील, तुझ्यासारखीला अगदी साजेशी जागा मिळालीय.

रागावलीस तरी लोभ आहे तिथंच ठेव.

तुझी,
छोटी

(सोबत पाकिटातलं दादाचं पान)

१९ ऑगस्ट

ति. ताईस सा. न., चि. खाडाखोडीस अनेक आशीर्वाद.

रेडिओचं प्रसारण सुरू होत आहे. श्रोत्यांनी हातातली कामं ठेवावीत.

आमच्या अग्निशमन केंद्रात फोन घेणाऱ्यांना नव्या खुर्च्या मिळाल्या, चाकांच्या. टेबल दोनवाला पहिल्याच दिवशी बोलता बोलता मागं मागं सरकत गेला आणि रिसीव्हरची वायर संपली तिथं थांबला. आता त्याला सगळे लांब पल्ल्याची गाडी म्हणतात. घरी ठीक आहे. हिनं चार दिवस डब्यात एकच भाजी दिली आणि मी काही बोललो नाही, म्हणून ती घाबरली.

तिचं अगदीच चूक नाही. जूनमध्ये एक फोन आला होता, तेव्हापासून माझा कान बिघडलाय. फोन नसलेल्या खोलीतही रिंग ऐकू येते. जेवताना घास हातात तसाच राहतो. ताई, तुझ्या दवाखान्यात ऐकून घेणारं कुणी असतं ना? गोळ्या देणारे डॉक्टर नव्हेत, बोलून उपचार करणारे. त्यांचं नाव आणि वेळ तेवढी कळव. अगदी घाई नाही. सवडीनं.

खाडाखोडबाई, तुमचं मागचं पान स्वच्छ होतं. तब्येत बरी आहे ना?

प्रसारण संपलं. लोभाची बॅटरी उतरू देऊ नका.

तुमचा,
रेडिओ

१४ नोव्हेंबर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद हाताच्या सवयीनं लिहिला गेला. आज मनात नाही.

सात तारखेला दुपारी बारा वाजता दादाच्या टेबलावरचा फोन वाजला आणि त्यानं तो उचलला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून फोनकडे बघत बसला. टेबल दोनवाल्याला वाटलं, ठसका लागला असेल, पाणी पीत असेल. शेवटी त्यानंच धावत येऊन उचलला. कुठल्याशा गोदामाला आग लागली होती. माणसं वाचली, पण दोन मिनिटं गेली. त्या खोलीत दोन मिनिटं म्हणजे काय, हे तो तुला-मला वर्षानुवर्षं सांगत आलाय. त्याला रजेवर घातलंय. दहा तारखेला तुझ्या वहिनीचा फोन आला तेव्हा तो तीन दिवस जिन्याच्या पायरीवर बसून होता. आत ये म्हटलं की आत येतो, जेव म्हटलं की जेवतो. माझा रेडिओ भाऊ!

पाकीट बारा तारखेला आलं. वॉर्डातच, ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी उभ्या उभ्या उघडलं. आधी त्याचं पान वाचलं. मग त्यावरची तारीख वाचली. मग तुझं पान वाचलं. छान आहे तुझं पान. एक शब्द खोडलेला नाही.

आमच्या हाडांच्या वॉर्डाच्या वरच्याच मजल्यावर, जिन्यासमोरच्या खोलीत समुपदेशक बाई बसतात. गेली तेरा वर्षं मी अकराचा चहा त्यांच्याबरोबर घेते. हे पान मला ऑगस्टमध्ये मिळालं असतं तर कप खाली ठेवायच्या आत दादाची वेळ ठरली असती. फोनवर पाकिटातलं बोलायचं नाही म्हणे! नियम आईचा होता. ती असती तर तिनं स्वतःच फोन उचलला असता आणि आधी तुला झापलं असतं.

तो घाई नाही म्हणाला होता, असं तू पुढच्या पत्रात लिहिशील, म्हणून आताच सांगून ठेवते. त्यानंच एकदा पाकिटात लिहिलं होतं, की जो ओरडतो त्याच्या अंगात अजून जोर असतो. जो हळू आवाजात म्हणतो की तुम्हाला त्रास देतोय, सवडीनं या, त्याच्याकडे गाडी आधी धाडायची. तू त्यावर अर्धं पान कौतुक केलं होतंस.

आपण दोघी असताना परका कशाला, असंही लिहिलंयस. माझ्याकडे रोज पाय मोडलेली माणसं येतात. त्यांनाही घरी बहिणी असतात. बहिणीनं मायेनं पाय चोळला की हाड आणखी सरकतं, एवढंच होतं.

बाईंना मी विचारलं, तुम्ही त्याला काय सांगणार? त्या म्हणाल्या, सांगणार फारसं काही नाही. विचारणार आणि ऐकणार. आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटं, तीच खोली, तीच खुर्ची. तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही. जिवाला धोका वाटला तर तेवढा अपवाद, आणि तोही त्याला आधीच सांगून ठेवणार. गोळ्यांची गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवतील, ते वेगळं. मी म्हटलं, नुसतं ऐकून काय होतं हो? त्यांनी मला विचारलं, सिस्टर, तुम्ही शेवटचं कुणाचं पूर्ण ऐकून घेतलंत? मला राग आला. 

मंगळवारी त्याला घेऊन जातेय.

लोभाला काही नळासारखी चावी नसते, नाहीतर आज बंद केला असता. सध्या फोन करू नकोस.

ताई

२२ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन करू नको म्हणालीस, लिहू नको म्हणाली नाहीस. म्हणून पाकिटाबाहेर लिहिते आहे.

घाई नाही या शब्दांचा आधार मी घेणारच होते. मसुद्याची सुरुवात तीच होती. तो आधार तू आधीच काढून घेतलास, बरं केलंस.

रोजनिशी उघडून बसले आहे. २५ ऑगस्ट, दादाला आजच उत्तर लिहिणे. ३ सप्टेंबर, दुसरा मसुदा उपदेशासारखा वाटतो. १९ सप्टेंबर, चौथा बरा आहे, शेवट जमत नाही. वीस वर्षं मी रोज लिहिते आणि स्वतःला प्रामाणिक समजते. त्या सत्त्याहत्तर दिवसांत दादा कसा असेल, असं एकदाही लिहिलेलं नाही. माझं पत्र कसं झालंय, एवढंच आहे.

तुझ्या बाईंचा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. आठवतं का, शाळेतून आल्या आल्या तो दप्तर माझ्या पायांशी टाकायचा आणि सुरू व्हायचा. सगळ्यांना वाटायचं, छोटी किती लक्ष देऊन ऐकते! मी ऐकत नसे, ताई. तो दम कधी घेतो याची वाट बघत असे आणि तोवर माझं वाक्य जुळवत असे. त्याचं पान वाचतानाही तेच केलं. पानाच्या शेवटी पोचायच्या आत माझं उत्तर तयार होत होतं. मग ते सुधारायला अडीच महिने लागले.

हे लिहून मला थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. बघ, पुन्हा माझंच चाललंय.

दादाला वेगळं पत्र टाकलं आहे. जरा लांबलंय.

एक विनंती करते. तुझी बाईंशी तेरा वर्षांची ओळख आहे. चहाच्या वेळी सहज विचारून बघशील का, तो तिथं काय बोलतो? तपशील नकोत. माझा विषय निघतो का, एवढंच. हे विचारणं बरोबर नाही हे मला कळतंय. तरी खोडत नाही.

माझ्या वाट्याचा लोभ सध्या तुझ्याकडेच राहू दे. मागायला नंतर येईन.

छोटी

२० डिसेंबर

चि. छोटीस आशीर्वाद.

विचारलं. आता माझी मला लाज वाटते, पण विचारलं. बाईंनी कपात पडलेलं बिस्कीट चमच्यानं काढलं आणि म्हणाल्या, आज चहा गोड झालाय. संपलं. तेरा वर्षं मी त्यांना माझ्या गुडघ्यांपासून तुझ्या मेहुण्यांच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगत आले. त्या बदल्यात माझ्याच भावाविषयी एक अक्षर नाही! आधी अपमान वाटला. मग जिना उतरताना वाटलं, म्हणजे माझंही सगळं असंच त्यांच्यापाशी राहिलं असणार. आपलं पाकिटातलं पाकिटात म्हणजे तिघांत, वर तिघांची मतं. त्या खोलीत तसं नाही.

सुधारणा विचारशील तर तिसऱ्या खेपेनंतर तो बाहेर आला तो कठडा धरूनच. शर्ट घामानं भिजला होता. तुझी वहिनी माझ्यावर घसरली. म्हणाली, आधी निदान गप्प होते, आता भांडी आपटतात, मग बसून रडतात. ताई, तुम्ही त्यांना बरं करायला नेलंत की बिघडवायला?  पुढच्या खेपेला त्याच्या परवानगीनं बाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं आणि एवढंच सांगितलं, की दाबून ठेवलेलं वर यायला लागलं की सुरुवातीला त्रास वाढू शकतो. म्हणून त्या बेताबेतानं जातात. कुठं थांबायचं ते तो ठरवतो, आणि त्याला त्यांच्याशी जमत नाहीसं वाटलं तर दुसरं कुणी बघायलाही त्याला मोकळीक आहे. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, जमतंय.

त्या दिवशी बसस्टॉपवर तो मला म्हणाला, ताई, आपल्या घरात सगळे उत्तर देणारे आहेत. मी म्हटलं, म्हणजे रे काय? तो म्हणाला, हे बघ, दिलंसच.

तुझी पत्रं त्याच्या टेबलावर आहेत, तुझ्या ऑफिसातल्या वजनांसारखी, जाड खाली, बारीक वर. एकही फोडलेलं नाही. अजून किती पाठवणार आहेस?

पाकीट मी त्याला पाठवते आहे. लिहायचं तेव्हा लिहील.

माया आहेच. ती दाखवायला सध्या माझ्याकडे वेळ नाही.

ताई

४ मार्च

चि. छोटीस आशीर्वाद.

तुझी पाच पत्रं आली. चार उघडली नाहीत. पाचवं उघडलं, कारण ते पातळ होतं.

जूनमध्ये एका बाईचा फोन आला होता. चौथा मजला, जिन्यात धूर. नियमाप्रमाणे मी तिला सांगितलं की दार लावा, फटीत ओला कपडा कोंबा, खिडकीपाशी बसा. गाडी निघाली आहे, थांबा. गाडी खरंच निघाली होती. रस्ता खणून ठेवलेला होता म्हणून वळसा घालून गेली. मी अकरा मिनिटं तिच्याबरोबर लाइनवर होतो. ती वाचली नाही. हे सगळं चौकशीत आलं आहे. तुझी चूक नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं. साहेबांनी, हिनं, ताईनं. चौकशीच्या कागदावर तेच आहे आणि तुझ्या पाचव्या पत्रातही तेच. ते वाक्य ऐकलं की माझं पुढचं बोलणं बंद व्हायचं, कारण मला सांगायचं होतं ते त्या वाक्याच्या पुढं होतं.

समुपदेशक बाईंनी ते वाक्य कधीच म्हटलं नाही. त्या विचारायच्या, मग काय ऐकू आलं? सहाव्या खेपेला मी सांगितलं. अगदी शेवटी तिनं मला माझं नाव विचारलं होतं. आम्हाला नाव सांगायची परवानगी नसते. मी म्हणालो, टेबल चार. ती म्हणाली, बरं. त्यानंतर फोन नुसता चालू होता.

सांगितल्यावर चमत्कार वगैरे काही झाला नाही.  बाई म्हणाल्या, तिनं विचारलं तेव्हा तुम्हाला काय सांगावंसं वाटत होतं? मी तिथं, त्या खुर्चीत बसून, माझं नाव मोठ्यानं सांगितलं. मग मला रडू आलं. नंतरच्या खेपांना तेच पुन्हा पुन्हा सांगत गेलो, आणि दर वेळी थोडं जास्त आठवत गेलं. मी आवाज शांत ठेवला होता. ती मध्येच एकदा हसली होती. मी हे विसरलो होतो. पूर्वी कुठं रिंग वाजली की मी सरळ त्या अकराव्या मिनिटात जाऊन पडायचो. आता ते जूनमध्ये घडलं असं वाटतं. बहुतेक दिवस ते जूनमध्येच राहतं. फरक एवढाच आहे. माझ्यासाठी तो मोठा आहे, पण बरा झालास ना, असं विचारू नकोस.

आणखी एक. सुरुवातीला मी तिथंही विनोद करायचो. एकदा बाईंनी विचारलं, आत्ता विनोद कशासाठी लागला? हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही दोघी हसायचात.

आता पाकिटाचं. ऑगस्टमध्ये पान टाकलं आणि वाट पाहिली. पंधरा दिवस, महिना, दोन महिने. मला वाटलं, दोघींनी वाचलं आणि याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. मी पुन्हा विचारलं नाही. का विचारलं नाही, ते मला फेब्रुवारीत, त्याच खोलीत कळलं. मी तिला थांबा म्हणालो होतो आणि ती थांबली होती. मग मी कोणत्या तोंडानं उठून दुसरीकडे जाणार होतो?

तुझ्यावर माझा राग आहे. बाईंनी तो सोड म्हटलेलं नाही, धर असंही म्हटलेलं नाही. तू माझ्यासाठी चांगलं पत्र लिहीत होतीस म्हणे. मला चांगलं पत्र नको होतं. पाकीट पुढं जायला हवं होतं.

फोनच्या खोलीत मी परत गेलो नाही. मागितलंही नाही. आता मागच्या शेडमध्ये असतो. ओले पाइप उंच टांगायचे, वाळले की गुंडाळून गाडीवर चढवायचे. तिथं कुणी काही विचारत नाही आणि सध्या मला ते चालतं.

ताईनं पाठवलेलं पाकीट दोन महिने माझ्याकडे पडून होतं. त्याचा हिशेब कुणी मागितला नाही, तूही मागू नकोस. आज ते या पत्राबरोबरच टाकतो आहे. आत माझं पान आहे आणि त्यात ताईसाठी एक काम आहे. तिला फोन करून सांगता आलं असतं. मुद्दाम केला नाही. कसं जातं ते बघायचं आहे.

लोभाविषयी आज काही लिहीत नाही.

दादा

८ मार्च

पाकिटातलं पान

ति. ताईस शि. सा. न. वि. वि., ति. दादासही.

पाकीट काल मिळालं. दादाच्या पानावर चारच ओळी आहेत. २४ मार्चला दुपारी तो जूनमधल्या आगीच्या त्या इमारतीसमोर जाऊन उभा राहणार आहे, समुपदेशक बाईंशी बोलून तसं ठरवलं आहे. बरोबर कुणीतरी असावं असं त्याला वाटतं. त्यानं लिहिलंय, हिला नेणार नाही, ती पुरती थकली आहे. ताई, तू येशील का?

मी ते दोनदा वाचलं. माझा उल्लेख नाही. का नाही ते मला समजतं. तरी मला असं वाटतं, की या प्रसंगी मीही

१० मार्च

परवाचं वाक्य पुरं झालं नाही. पुन्हा लिहिते.

ताई, तुला सांगितलं नव्हतं, पण मीही इथल्या एका समुपदेशकांकडे दोनदा जाऊन आले. वयस्क गृहस्थ आहेत, टेबलावर फक्त पाण्याचा तांब्या. मी पन्नास मिनिटं मुद्देसूद बोलले, कुठं अडखळले नाही. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही हे मला सांगताय की वाचून दाखवताय? घरी येऊन मी रोजनिशीत या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. दीड पान झालं. चांगलं झालं. दुसऱ्या खेपेला तेच त्यांना म्हणून दाखवलं.

१३ मार्च

पहिली दोन्ही पानं फाडावीत असं वाटतं, कारण त्यांत माझंच जास्त आहे. तिसऱ्यात दादाला सरळ विचारलं, मीही येऊ का? मग सरळ विचारणं उद्धट वाटलं. चौथ्यात थोडं मऊ केलं. चौथं बरं आहे, शेवट जमत नाही.

हे वाक्य मी आधीही लिहिलं होतं. १९ सप्टेंबरला.

१५ मार्च

आज आठवा दिवस.

ताईला फोन करावा म्हणून दोनदा उठले. पण त्याला ते फोननं जायला नको आहे. त्याला बघायचं आहे की मी काय करते. तो पुन्हा थांबला आहे, आणि पुन्हा माझ्यापाशीच.

आज ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर पाकीट नव्या तराजूवर ठेवलं. आधी माझ्या पानासह, मग पानाशिवाय. फरक साडेचार ग्रॅमचा आहे. सत्त्याहत्तर दिवस तो यासाठी थांबला होता. मी आकडा वहीत लिहून घ्यायला पेन काढलं आणि परत ठेवलं.

आपलं पान घातल्याशिवाय पाकीट हलवायचं नाही, असं आई म्हणाली होती. आई, मी हे पान काढून घेते आहे. यात क्षमा आहे, आणि वाक्यंही बरी उतरली आहेत. दादाला यातलं काही नको आहे. २४ तारखेला तो तिथं उभा असेल तेव्हा ताई त्याच्या शेजारी असायला हवी. मी तिथं नसेन. त्यानं मला बोलावलेलं नाही.

उद्या: सकाळी साडेनऊच्या टपालात पाकीट टाकणे, माझ्या पानाशिवाय.